विमान परत वर उचललं तर घाबरू नका, हे आम्हाला आधीच सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय, एकदा जून सुरू झाला की हा विषय नुसता बातम्यांपुरता उरतो. मुंबईत मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच असतं, विमानांच्या आकाशात घिरट्या, अमुक विमानं अहमदाबादला नाहीतर हैदराबादला वळवली, प्रवासी थोडक्यात बचावले. अशाच एका विमानात मी होते. आणि मला सांगायचंय ते एवढंच की आम्ही थोडक्यात वगैरे बचावलो नव्हतो, वैमानिकाने त्या वेळी जे करायला पाहिजे तेच केलं होतं, फक्त ते आम्हाला वेळेवर आणि समजेल असं कोणी सांगितलं नाही, आणि त्यामुळे त्या विमानात माणसांची जी अवस्था झाली ती टाळता आली असती.

गेल्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. भावाला मुलगी झाली, डोंबिवलीला बारसं होतं, विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काही वेटिंगवरून हलेना, म्हणून मी आणि आई नागपूरहून विमानाने निघालो. आईचं वय ७४ आणि विमानात पहिल्यांदाच बसणार होती. त्यात अहमदाबादचा अपघात होऊन जेमतेम महिना झालेला. १२ जून २०२५, विमानात २४२ माणसं, त्यातला एकच वाचला, आणि खाली मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये जेवायला बसलेली पोरंसुद्धा गेली. आईने ते सगळं टीव्हीवर दिवसदिवस बघितलेलं. त्या विमानाच्या क्रूमध्ये डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडची मुलं-मुली होती आणि आम्ही जाणार होतो डोंबिवलीलाच, त्यामुळे आईच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. ती यायला तयारच नव्हती, नातीसाठी आली.

सोनेगाव विमानतळावरून निघालो तेव्हा सगळं छान होतं, आई खिडकीत बसली, ढग बघून खूश झाली. मुंबई जवळ आली तसे धक्के सुरू झाले. बेल्ट लावा, बेल्ट लावा. मग बराच वेळ विमान नुसतं गोल फिरतंय असं वाटत होतं, एकाच बाजूला कलायचं, सरळ व्हायचं, परत कलायचं. बाहेर सगळं राखाडी, पंखाचं टोकसुद्धा मधेच दिसायचं मधेच जायचं. आईने डोळे मिटून गण गण गणात बोते सुरू केलं होतं. शेवटी एकदाचं विमान खाली यायला लागलं, चाकं बाहेर आल्याचा धाड असा आवाज झाला, खाडी दिसली, मग घाटकोपर-कुर्ल्याकडची दाटीवाटीची घरं, छपरांवर निळ्या ताडपत्र्या, इतकी जवळ की ताडपत्री उडू नये म्हणून तिच्यावर ठेवलेले टायर आणि विटा दिसत होत्या. मी आईला म्हटलं, झालं बघ, आलो आपण.

आणि तेवढ्यात इंजिनांचा प्रचंड आवाज झाला, विमानाचं नाक एकदम वर झालं, पाठ सीटला दाबली गेली, चाकं आत गेल्याचा परत तो धाड आवाज, आणि ताडपत्र्या खाली गेल्या त्या गेल्याच, परत राखाडी. आईने माझं मनगट पकडलं आणि म्हणाली, "काऊन वं, हे तर परत वर चाललं नं!" मागून कोणीतरी ओरडलं, एक बाई रडायलाच लागली, आमच्या रांगेतल्या पलीकडच्या तरुण मुलाने मोबाईल काढून आईबाबांसाठी व्हिडिओ रेकॉर्ड करायला सुरुवात केली. मी हे वाढवून सांगत नाहीये. तो मुलगा खरंच निरोप रेकॉर्ड करत होता.

आणि स्पीकर गप्प.

किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही, तेवढं भान नव्हतं, पण तेवढ्या वेळात विमानभर गोष्टी पसरल्या. एकाने सांगितलं चाक अडकलंय. दुसरा म्हणाला रनवेवर पाणी तुंबलंय. कोणी म्हणालं एक इंजिन गेलं म्हणूनच तो आवाज झाला. समोरच्या पडद्यापाशी एअर होस्टेस त्यांच्या घडीच्या सीटवर पट्टे बांधून बसल्या होत्या, आमच्याकडे तोंड करून, दोन्ही तळहात मांड्यांखाली ठेवून. त्यातल्या एकीचा चेहरा मी न्याहाळत होते, हिला काही कळलंय का, ही घाबरलीय का. माझ्यासारखे आणखी किती जण तिच्याच चेहऱ्याकडे बघत होते कोण जाणे, आणि ती खिडकीबाहेर बघत होती. नंतर मला कळलं की हात असे ठेवून बसायचं हे त्यांना शिकवलेलंच असतं, धक्का बसला तर हात इकडेतिकडे आपटू नयेत म्हणून, आणि दर टेकऑफ-लँडिंगला त्या तशाच बसतात. पण त्या वेळी आम्हाला वाटलं की ह्या काहीतरी भयंकर होणार म्हणून तयारीत बसल्यात.

मग कॉकपिटमधून घोषणा झाली, इंग्रजीत, भराभर, दोन वाक्यं, धक्क्यांच्या आवाजात अर्धी कळली अर्धी नाही. अप्रोच डिस्कंटिन्यू असं काहीतरी. मी शाळेत शिकवते, मला इंग्रजी येतं, तरी मला त्यातून नक्की काय झालं ते कळलं नाही, आईला काय कळणार होतं.

दुसऱ्यांदा प्रयत्न झाला तेव्हा तर खाली काही दिसलंच नाही. अंधार पडत आलेला, खिडकीवर पावसाच्या रेघा आडव्या पळत होत्या, आणि परत तोच आवाज, तेच नाक वर. ह्या वेळेस कोणी ओरडलं नाही. सगळे एकदम गप्प झाले आणि ते जास्त भीतीदायक होतं. थोड्या वेळाने घोषणा झाली की आपण अहमदाबादला जातोय. अहमदाबाद हा शब्द ऐकल्यावर त्या विमानात काय झालं असेल याची तुम्ही कल्पना करा, महिनाच झाला होता. आईने मला विचारलं, "तिथंच का?" मी हो म्हटलं, खोटं काय सांगणार.

अहमदाबादला आम्ही व्यवस्थित उतरलो. टाळ्या वाजल्या, काही जण रडले. मग खरा त्रास सुरू झाला कारण मुंबईची बरीच विमानं तिकडे आली होती, आमचा नंबर इंधनाच्या रांगेत, दरवाजे बंद, उकाडा, पाणी संपलेलं. शेजारच्या रांगेत शुगरवाले एक काका होते, त्यांना घाम फुटला, आईच्या पिशवीतला चिवडा आणि लाडू त्यांना दिले. लोकांचा संताप बाहेर पडायला लागला. एक जण उठून एअर होस्टेसच्या अंगावर धावल्यासारखा गेला, आमच्या जिवाशी खेळता काय, पायलटला विमान उतरवता येत नाही काय, बाकीची विमानं उतरली ना मग आमचंच का नाही, कुठून आणलाय हा पायलट. दुसरे त्याला दुजोरा देत होते. मग निरोप आला की इंधन भरतायत, सगळ्यांनी बेल्ट सोडून ठेवा. इतका वेळ बेल्ट लावा म्हणणारे आता सोडा म्हणतायत म्हणून आई परत घाबरली. खरं कारण साधं आहे, प्रवासी आत असताना इंधन भरायचं असेल तर काही झालंच तर लोकांना पटकन बाहेर पडता यावं म्हणून बेल्ट सोडायला लावतात. हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? पण ते सांगितलं नाही.

आता जे सांगतेय त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. ती खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी, फार तर तेवीस-चोवीसची असेल, लोकांचं सगळं ऐकून घेऊन डोळे पुसून बाहेर आली आणि आमच्या रांगेपाशी येऊन चक्क खाली उकिडवी बसली, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाली, आजी, विमान बिघडलेलं नाहीये. पहिल्यांदा खाली येताना वारा अचानक बदलला, दुसऱ्यांदा रनवे दिसला नाही, म्हणून कॅप्टननी रिस्क न घेता परत वर नेलं. तो मोठा आवाज झाला ना, तो इंजिन नीट चालू असल्याचा आवाज होता, वर जायला जास्त ताकद लागते म्हणून. आणि इंधन संपलेलं नव्हतं, मुंबईत नाही उतरता आलं तर इथवर यायचं आणि त्याच्याही वरती अर्धा तास उडता येईल एवढं इंधन घेऊनच आपण नागपूरहून निघालो होतो.

बस, एवढंच. दोन मिनिटं पण लागली नसतील. पुढच्या मागच्या सीटवरची माणसं वाकून ऐकत होती. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी हिंदीत सांगितलं. आईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, जेवलीस का गं तू. त्यानंतर आमच्या आसपासच्या रांगांत कोणी आवाज चढवला नाही. मुंबईला जायला परत टेकऑफ केलं तेव्हा सगळे गप्प होते, ते साहजिक होतं, अहमदाबादहून उड्डाण होतं, पण ती गप्पता पहिल्यापेक्षा वेगळी होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईत उतरलो.

मी ह्या मुलीचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही, कारण मला तक्रार एका कंपनीची करायचीच नाहीये. विमान कंपनी कुठलीही असो, ओळखीच्या ज्यांना ज्यांना हा अनुभव आलाय त्यांनी मला थोड्याफार फरकाने हेच सांगितलं, काय चाललंय ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर आमच्या शेजारी राहणारे, हवाई दलातून रिटायर झालेले काका आहेत (नागपुरात वायुसेनेचं मोठं ठाणं आहे, असे बरेच जण इकडेच स्थायिक होतात), त्यांच्यापाशी बसून मी हे सगळं समजून घेतलं. उतरता उतरता विमान परत वर नेतात त्याला गो-अराउंड म्हणतात, हे आता मला माहितीये. ते म्हणाले की खाली येताना एक उंची ठरलेली असते, साध्या आयएलएसवर (विमानाला रनवेपर्यंत वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) ती जमिनीपासून साधारण २०० फूट असते, तिथपर्यंत रनवे किंवा त्याचे दिवे दिसले नाहीत तर उतरायचंच नाही, विचार करत बसायचं नाही, सरळ वर. ढगाळ हवेत १००० फुटांवर येईपर्यंत वेग, दिशा, उतरण्याचा कोन, चाकं, फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या, सगळं जागच्या जागी बसलेलं पाहिजे, नसेल तर वर. वाऱ्याने अचानक दिशा किंवा जोर बदलला तर वर. पुढचं विमान वेळेत रनवेवरून बाहेर पडलं नाही तरी वर, आणि मुंबईत तर हे व्हायचंच कारण तिथले दोन रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच वापरता येतो आणि त्या एकावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. आणि वर नेताना कॉकपिटमधल्या दोघांना इतकं काही करायचं असतं, इंजिनची ताकद, चाकं, फ्लॅप, उंची, नवी दिशा, कंट्रोलशी बोलणं, की प्रवाशांशी बोलणं हे शेवटचं काम असतं. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, मग बोलणं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. १०,००० फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये अवांतर एक शब्द बोलायचा नाही असा दंडक असतो.

हे मला पटलं. वैमानिकाने त्या क्षणी बोलू नये, विमानच सांभाळावं. आपला एसटीचा ड्रायव्हर आंबेनळी घाटात धुकं उतरलं की गाडी बाजूला घेऊन थांबतो तेव्हा आपण त्याला माइक घेऊन कारण सांग म्हणत नाही, उलट बरं केलंस म्हणतो. पण म्हणूनच, त्या वेळेला बोलणं शक्य नसेल तर ते आधी बोलून ठेवायला पाहिजे ना?

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. ते म्हणाले, ज्या विमानाने परत वर उचललं त्याची काळजी करू नका, ज्याने उचलायला पाहिजे होतं आणि नाही उचललं त्याचं बघा. २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं विमान डोंगरावरच्या रनवेच्या पुढे जाऊन दरीत पडलं, १५८ माणसं गेली, ८ वाचली. चौकशीत निघालं की विमान उतरताना जास्त उंचीवर होतं, सहवैमानिकाने एकदा नाही तीनदा गो-अराउंड करा म्हणून सांगितलं होतं, कॅप्टनने केलं नाही. परत ७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड, लॉकडाऊनमध्ये दुबईहून माणसं घरी आणणारं विमान, धो धो पाऊस. तिथे पहिल्यांदा त्यांनी विमान परत वर नेलं होतं. दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूने, पाठीमागून वारा असताना उतरले, सुमारे ८,८५० फुटांच्या रनवेवर जवळजवळ निम्मा रनवे मागे टाकून चाकं टेकली, आणि विमान पुढे जाऊन खाली कोसळलं. २१ जण गेले. त्यातही सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं होतं.

कोझिकोडचे कॅप्टन दीपक साठे. त्यांचे आईवडील नागपूरचे, त्यामुळे त्या दिवशी आमच्या गावात किती घरांत चूल पेटली नसेल ते आम्हाला माहिती आहे. गेलेल्या माणसाला दोष द्यायला मी हे लिहीत नाहीये, आणि कोणी देऊ पण नये. पण चौकशीच्या अहवालात हेही आहे की दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट त्यांच्याच नावावर होती आणि कोझिकोडला पुरेसे कॅप्टन नव्हते. म्हणजे खाली उतरायलाच पाहिजे हा दबाव कुठून कुठून येतो बघा. वेळापत्रकाचा येतो. दुसऱ्या दिवसाच्या ड्युटीचा येतो. बाकीची विमानं उतरली ना मग तुम्ही का नाही, असं ओरडणाऱ्या माणसांचा येत नसेल का? त्या रात्री आमच्या विमानात जी शिवीगाळ झाली ती पडद्यापलीकडे ऐकू गेलीच असणार. पुढच्या वेळी तोच वैमानिक तशाच पावसात २०० फुटांवर असेल, तेव्हा त्याच्या कानात आपलं हे ओरडणं असू नये असं मला मनापासून वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीहून गोव्याला जाणाऱ्या विमानात धुक्यामुळे उशीर होतोय हे सांगायला उभा राहिलेल्या वैमानिकाला एका प्रवाशाने मारलं होतं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. तो माणूस आपल्याला माहिती देत होता, जे आपण मागतो तेच, आणि त्याबद्दल त्याला मार बसला.

म्हणून प्रवाशांना माझं कळकळीचं सांगणं आहे की क्रूवर ओरडू नका. विमान परत वर गेलं की बेल्ट घट्ट करा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरा, आणि अफवा पसरवू नका. धक्के बसत असताना बॅग काढायला उठू नका, २०२४ च्या मे महिन्यात लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानात नुसत्या हवेच्या धक्क्यांत एक प्रवासी गेला आणि कितीतरी जण छताला आपटून जखमी झाले, त्यात बेल्ट न लावलेले बरेच होते. आमच्या विमानात अहमदाबादला चाकं टेकल्याबरोबर विमान पळत असतानाच चार जण उभे राहिले होते.

आणि विमान कंपन्यांना आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए ह्या सरकारी खात्याला माझी मागणी अगदी छोटी आहे, तिला पैसा लागत नाही. जून ते सप्टेंबर मुंबई, पुणे, गोवा, कोल्हापूर, जिथे जिथे पावसाचा त्रास आहे तिथे जाणाऱ्या विमानात, विमान खाली यायला लागायच्या आधी, अजून सगळं शांत असताना, एक रेकॉर्ड केलेली घोषणा लावा. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. दरवाजे कुठे आहेत, लाइफ जॅकेट कसं घालायचं हे तुम्ही दर वेळी सांगताच ना, मग त्याच्यात हे पण घाला. मी घरी बसून लिहिलीये, वाटलं तर जशीच्या तशी घ्या:

"मंडळी, आज मुंबईत पाऊस आहे. विमान उतरताना वारा बदलला किंवा रनवे नीट दिसला नाही तर वैमानिक विमान परत वर नेतील. तेव्हा इंजिनचा मोठा आवाज येईल आणि विमान वेगाने वर जाईल. विमानात बिघाड झाला असा त्याचा अर्थ नाही. वैमानिक त्या वेळी कामात असतील म्हणून ते लगेच बोलणार नाहीत, थोड्या वेळाने बोलतील. दुसऱ्या विमानतळावर जाण्याएवढं इंधन आपल्याकडे आहे. बेल्ट लावून बसून राहा."

वाचायला अर्धा मिनिट लागतो, मी मोबाईलवर लावून बघितलंय. हे आईने आधी ऐकलं असतं तर ती घाबरली नसती असं मी म्हणणार नाही, घाबरलीच असती, पण आता आपण मरणार असं तिला वाटलं नसतं. आणि त्या पोराने निरोपाचा व्हिडिओ केला नसता.

काही जण म्हणतील की असं आधी सांगितलं तर लोक उगाच घाबरतील, ज्याच्यावर वेळ येणारच नाही त्यालाही धसका. मला हे पटत नाही. पाण्यात उतरावं लागलं तर काय करायचं हे आपण नागपूर-मुंबई प्रवासात ऐकतोच, कोणी घाबरून विमानातून उतरत नाही. मुंबईच्या पावसात तर पाण्यात उतरण्यापेक्षा परत वर जाण्याचीच वेळ कितीतरी जास्त येते. आता नवी मुंबईचंही विमानतळ सुरू झालंय, चांगलं आहे, पण पाऊस काही दोघांना वेगळा नाही, एकीकडे दिसेना तर दुसरीकडे दिसेल असं धरून चालता येणार नाही, म्हणजे अहमदाबाद-हैदराबादच्या फेऱ्या ह्या वर्षीही होणारच.

दुसऱ्या गावाला विमान नेलं की तिथे काय, याचंही बघा. हवामानामुळे उशीर झाला तर भरपाई मिळत नाही, मान्य, पाऊस कोणाच्या हातात नाही. पण पाणी हातात आहे. बिस्किटाचा पुडा हातात आहे. पावसाळ्यात मुंबईला जाणाऱ्या विमानात नेहमीपेक्षा जास्त पाणी आणि थोडं खाणं भरून ठेवायला काय हरकत आहे, विमान कुठेतरी तीन-चार तास अडकू शकतं हे जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. शुगरचे पेशंट, तान्ही मुलं घेतलेल्या बाया, म्हातारी माणसं, यांना आधी विचारा. आणि अर्ध्या अर्ध्या तासाने कोणीतरी येऊन सांगा की आपला नंबर कितवा आहे, जरी सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी नवीन काही नाही एवढंच सांगा. त्या रात्री क्रूचे ड्युटीचे तास संपतायत, आता हे विमान उडणारच नाही, अशीही एक आवई उठली होती आणि त्यावरून परत भांडण. तास संपले तर त्यांनी उडू नये हेच बरोबर आहे, थकलेला माणूस कॉकपिटमध्ये नको, पण ते खरं आहे की खोटं ते तरी सांगा.

त्या मुलीसारख्या मुली प्रत्येक विमानात असतीलच, पण आपल्या मनाने खाली बसून आजीशी मराठीत बोलणारी भेटेलच याची खात्री काय? तिला ते कोणी करायला सांगितलं नव्हतं. तिच्यावर इतकं ओरडल्यावर तिने ते केलं. कंपन्यांनी क्रूला हे शिकवावं, की उतरणं रद्द झालं, पट्टे सोडायला परवानगी मिळाली, की आधी माणसांत जा, त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोला. ज्याला मराठी येतं त्याने मराठीत बोलावं, विमानात इंग्रजीतच बोललं पाहिजे असं काही नाही. आता रिक्षावाल्यांच्या, शेतकऱ्यांच्या घरची माणसंसुद्धा विमानाने जातात, आजारी माणसाला मुंबईला दाखवायला नेतात, पहिल्यांदा बसणारे रोज असतात.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो. ही घोषणा रेकॉर्ड करायला एक दुपार पुरे. आपल्या पेपरचे वाचक विमान कंपन्यांतही आहेत, विमानतळावरही आहेत, डीजीसीएच्या मुंबईच्या ऑफिसातही असतील, त्यांच्यापैकी कोणी हे वाचलं तर वरपर्यंत पोचवावं, आणि शक्य असेल तर आपण पत्र छापताना घोषणेचा मजकूर कापू नये ही विनंती. आईला परत डोंबिवलीला जायचंय, नात आता वर्षाची होईल, आणि ह्या वेळीही तिकिटं विमानाचीच काढलीयेत, जुलैची.

आपली,
एक शिक्षिका, नागपूर